आवाज : दहापैकी सहा

आठ मिनिटं.
तीस सेकंद उरली की मी पिवळं कार्ड वर धरायचं,
संपली की लाल.
शिवाय गुणपत्रिका : मांडणी, आशय, उच्चार, आवाज.
माईक चांगला होता.
हे आत्ताच लिहून ठेवतो, पुढे लागेल.

फंडीच्या आखाताकाठची शाळा, मार्चमधला शनिवार,
व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली व्यासपीठ.
खिडकीबाहेर ओहोटी :
बोटी चिखलात कुशीवर कलंडलेल्या,
पाणी कुठेतरी मैलभर लांब.

अकरावं नाव ओडिल थिबोदो.
विषय सगळ्यांना एकच, शोकांतिका.
आधीच्या सहा जणांनी राजे निवडले होते,
एकाने सेनापती, तोही घाईत मारला.
हिने निवडला
पियानो जुळवणारा एक माणूस.

"मुकुट नाही," ती म्हणाली,
"भविष्य सांगणारं कुणी नाही.
तीन अंक, एक घर,
आणि वरचे सूर ऐकू येईनासे झालेला एक कारागीर.
तो कुणाला सांगत नाही.
बायको कप जरा आदळून ठेवते.
मुलगा दार वाजवण्याऐवजी
दिवा लावतो, विझवतो, लावतो.
कुणीही त्याबद्दल बोलत नाही.
सगळे फक्त थोडं मोठ्यानं बोलतात."

मी लिहिलं : आशय, नऊ.

"पुस्तकात म्हटलंय
की नाशाचं मूळ नायकाच्या एका दोषात असतं.
आमच्या बाईंनी कार्डावर लिहून दिलंय, अहंकार."
तिनं ते कार्ड पाहिलं,
गठ्ठ्याच्या तळाशी सरकवलं,
आणि इतका वेळ थांबली की मी घड्याळ तपासलं.

"दुसऱ्या अंकात तो स्वयंपाकघरात येतो,
आणि त्याला बघून तिघंही बोलायचं थांबतात.
त्याला वाटतं, गेलं,
आता आपल्याला काहीच ऐकू येत नाही.
पण तिथं ऐकण्यासारखं
काही उरलंच नव्हतं.
घरानं कानडोळा केला, मायेपोटी केला.
माझ्या मते तो तिथेच संपतो.
तिसऱ्या अंकातली मैफल, तो बेसूर पियानो,
सभ्यपणे टाळ्या वाजवणारे लोक,
हा नुसता उरलेला हिशेब."

मी पिवळं कार्ड धरलं.
तिनं पाहिलं नाही.
तिची नजर शेवटच्या रांगेमागे, दाराजवळ,
जिथे एक बाई उभी होती,
सार्डिनच्या कारखान्यातून थेट आलेली,
केसांच्या जाळीचा वळ अजून कपाळावर.
मुलगी एकेक शब्द
तोंड भरून, ओठ रुंदावून उच्चारत होती,
लहान मुलाला घास दाखवावा तशी.
आवाज छताच्या पत्र्याला लागत होता.

मला वाटलं, नाटकीपणा.
लिहिलं : खोलीच्या मानाने फार मोठा. सहा.
लिफाफा चिकटवला.
ती चौथी आली. पुढे तिघं जातात.

संध्याकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो.
पलीकडे त्यांची जुनी गाडी.
मुलगी चाकामागे बसली,
चावी फिरवण्याआधी तिनं छतातला दिवा लावला,
पूर्ण वळून चेहरा उजेडात धरला,
आणि मग बोलली.
काय, ते मला कळलं नाही.
आई तिच्या ओठांकडे बघत होती,
आपण दूरच्या पाटीकडे बघतो तशी.

बावीस वर्षं ती डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या यंत्राशेजारी उभी असते,
हे मला नंतर समजलं.
तेव्हा एवढंच झालं
की ती एकदम बोलली, इतक्या मोठ्यानं
की कठड्यावरचे सीगल उडाले :
"मला एकेक शब्द ऐकू आला!"

मुलीनं मान हलवली. हो की नाही, सांगता येत नाही.
मागे आखातात पाणी परतू लागलं होतं,
बोटी हळूहळू सरळ होत होत्या.
माझ्या खिशात पेन होतं.
लिफाफा दुसऱ्याच्या गाडीतून
केव्हाच गेला होता.

ते निघाले तेव्हा रस्त्यावर पूर्ण अंधार.
आतला दिवा
त्यांनी विझवला नव्हता.