पान चौदावरचा वारा

अंधांच्या ग्रंथालयातून जेन बाईंची चिठ्ठी आली:
"वाचन छान झालंय. पण पान चौदावर वारा सुटलाय,
आणि गोष्टीत तर त्या रात्री झाडाचं पानही हलत नाही."

वारा माझ्या टेबलाखालचा होता.
प्रोसेसरबरोबर फुकट मिळालेला पंखा,
वाक्य लांबलं की घुरघुरणारा
आणि नेमका स्वल्पविरामात गळा काढणारा.
मी खोक्यावर गोधडी टाकून पाहिली.
खोकं तापलं, तो आणखी चवताळला.

रविवारी ग्वांगह्वा बाजारात गेले, तिसऱ्या मजल्यावर.
वडील बरोबर आले. नको म्हटलं तरी आले.
बत्तीस वर्षं ताओयुआनच्या कारखान्यात
पंख्यांची बेअरिंगं तपासली त्यांनी.
त्या बत्तीस वर्षांनी त्यांचे दोन्ही कान
पगारातून, हप्त्याहप्त्यानं वळते करून घेतले.

दुकानातला पोरगा, वेई-लून, आकडे सांगत सुटला:
सहा तांब्याच्या नळ्या, पात्यांचे दोन मनोरे,
बावीस डेसिबल, उंची एकशे पासष्ट मिलिमीटर.
"पाण्यावर चालणारापण आहे," म्हणाला,
"पण त्याचा पंप रात्री कुजबुजतो."
माझ्या कॅबिनेटमध्ये एकशे अठ्ठावन्नच्या वर काही मावत नाही.
शांतता सात मिलिमीटरनं घराबाहेर राहिली.

बुटके कूलर मांडले मग त्यानं, ओळीनं.
वडिलांनी आकडे ऐकले नाहीत, ऐकू येतच नव्हते.
त्यांनी एकेक पंखा चालू करायला लावला,
चौकटीच्या कोपऱ्यावर अंगठ्याचं नख टेकवलं
आणि डोळे मिटले,
वैद्यानं नाडी बघावी तसे.
पहिल्याला मान हलवली.
दुसरा पांढराशुभ्र, महागडा:
"बरा आहे. पैसे रंगाचे घेतायत."
तिसऱ्यावर इतका वेळ थांबले
की वेई-लूननं दुसरं गिऱ्हाईक उरकलं.
मग माझं बोट धरून तिथं ठेवलं.

मला काहीच लागलं नाही.

"तेच!" वडील म्हणाले,
अख्खा मजला वळून बघेल एवढ्या मोठ्यानं,
"तेच तर!"

घरी त्यांनी टॉर्च धरला, मी स्क्रू धरले.
वाटाण्याएवढी पेस्ट, त्यावर तांब्याचं बूड,
आधी हा कोपरा, मग समोरचा,
थोडा हा, थोडा तो,
आणि शेवटच्या स्क्रूला दोघांनीही श्वास रोखलेला.
साठ अंशांपर्यंत मिनिटाला सहाशेच फेरे,
असं त्याला बजावून ठेवलं.

त्या रात्री मायक्रोफोन लावला
तर घर बोलायला लागलेलं.
फ्रिजला दम लागतो, हे मला माहीत नव्हतं.
वरच्या मजल्यावरचे लोक साडेबाराला दात घासतात.
खाली गल्लीत एक स्कूटर सुरू व्हायला नकार देत होती,
चार वेळा, स्पष्ट शब्दांत.
मी खिडकी लावली, फ्रिज बंद केला, दात घासून होऊ दिले,
आणि पान चौदा पुन्हा वाचलं.
वाचत गेले. पहाट कधी झाली कळलं नाही.

पंधरा दिवसांनी जेन बाईंची दुसरी चिठ्ठी:
"वारा पडला. आभार.
पान एकतीसवर मात्र कुणीतरी पत्र्यावर टिचकी मारतंय.
हलकीच. थांबून थांबून. तीनदा."

रेकॉर्डिंग लावलं, कान देऊन ऐकलं.
माझ्या पाठीमागे अनवाणी पावलं,
गुडघ्याचा कट्‌ असा आवाज, कुणीतरी खाली बसतंय,
मग नख, पत्र्यावर.
चालू आहे ना, बघायला आले होते.
शांत पंखा चालू आहे की मेलाय,
हे त्यांना विचारायचं तरी कसं, कानाला?
आणि मी वाचनात इतकी बुडालेली
की मला कळलंसुद्धा नाही.

जेन बाई विचारतात: "काढून टाकू?
की गोष्टीत कुठं दार वाजतं?"

मी पुस्तक उघडून बघितलं.
वाजतं.
पण पान बत्तीसवर.