पायऱ्या

हविनाळे गुरुजींचं पुस्तक विहिरींवर आहे.
एकशे बारा विहिरी, सायकलवरून पाहिलेल्या,
बार्शीकडच्या, मंगळवेढ्याकडच्या, अक्कलकोट रस्त्याच्या,
प्रत्येकीच्या पायऱ्या मोजून वहीत मांडलेल्या.
छापायला पैसे नाहीत, म्हणून ई-पुस्तक.
ते बनवायचं माझ्याकडे आलं,
साखर पेठेत, वरच्या खोलीत.
खाली चुलत्याचे चार माग, वर माझा एक संगणक,
आणि एप्रिल.

एकच पान मी तीन ठिकाणी उघडलं.

फोनवर ओळी दोन्ही काठांना ताणून बसल्या.
शब्द कुठे तोडावा हे त्याला मराठीत कुणी शिकवलेलं नाही,
म्हणून 'चालुक्यकालीन' आख्खा खालच्या ओळीत उडी मारतो
आणि वर उरतात तीन शब्द,
मांडवात न बोलणाऱ्या व्याह्यांसारखे
लांब लांब.
त्या फटी एकीखाली एक येत गेल्या,
पानभर एक पांढरा ओढा.

मेहुण्याच्या टॅबवर ल परगावचा निघाला,
पाकळ्या नाहीत, नुसती दांडी.
'लक्ष्मी' वाचता येते.
पण ती आपल्या गल्लीतली वाटत नाही.

आणि गुरुजींनी पेन्शनमधून घेतलेलं ते राखाडी यंत्र,
डोळ्याला गार, उन्हातही वाचता येणारं,
त्याच्यावर र उडून य च्या डोक्यावर बसला.
पायर्या.
एकशे बारा विहिरी
आणि एकीतही उतरता येईना.

पीडीएफ मात्र देखणं.
वेलांटी नेमकी दांडीवर टेकलेली,
अनुस्वार आपल्या जागी, मात्रा मात्रेच्या.
पण ते पान गोठलेलं. अक्षर मोठं करावं
तर निम्मी ओळ पडद्याबाहेर, सरकवत बसा.
गुरुजींच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.

नान्ना वर आले, हातात ताकाचा तांब्या.
एकतीस वर्षं जॅकार्डची कार्डं टोचली त्यांनी.
एक भोक चुकलं की मोराची मान पडते,
हे ते कुणालाही सांगतात, रिक्षावाल्यालासुद्धा.
चष्मा कपाळावर सारून
त्यांनी फोन उजेडाकडे तिरका धरला, कापड धरतात तसा.
मराठी ते रात्रशाळेत शिकले, घरात आम्ही तेलुगू.
अर्थाकडे गेलेच नाहीत.
"दोन्ही काठ सरळ ठेवायच्या नादात
मधलं विरळ केलंस की बे.
एक काठ सोड."

सोडला.
उजवी कड वेडीवाकडी झाली आणि ओढा आटला.

र साठी रात्रीचे दीड वाजले.
शेवटी मध्ये एक न दिसणारं अक्षर घातलं,
रुंदी शून्य, काम एवढंच
की दोघांचे हात सुटू द्यायचे नाहीत.
राखाडी यंत्रावर पायऱ्या परत आल्या.
फोनवर त्याच जागी
टिंबांचं एक वर्तुळ उगवलं.

सकाळी गुरुजी आले. मी त्यांना सगळं सांगितलं,
ल चं, काठाचं, शून्य रुंदीचं.
ते "हं हं" म्हणत राहिले,
अक्षर इतकं मोठं केलं की पडद्यावर नऊच ओळी उरल्या,
आणि ओठ हलवत वाचू लागले.
सव्विसाव्या विहिरीपाशी थांबले.
माझा जीव त्या र मध्ये.

"एकतीस लिहिलंय तू.
बत्तीस आहेत.
एक कायम पाण्याखाली असते,
ती पायाने मोजावी लागते."

वही उघडून पाहिली. बत्तीसच होतं.

आकडा बदलला, फाइल पुन्हा बांधली, नववी.
फोनवरचं वर्तुळ अजून आहे तिथंच.
चादर घडी घालताना
नान्ना चुकलेला कोपरा आत दुमडतात.
मला ती सोय नाही,
हे पान ज्याच्या त्याच्या हातात
वेगळंच उलगडतं.