मठार

मुहर्रकच्या गल्लीत, लाँड्रीवरच्या खोलीत,
शुक्रवारी दुपारी दोन वाजता
मी एसी बंद करतो.
माइकला त्याची घरघर चालत नाही.
ऑगस्टात एक ओळ गायची म्हणजे
आधी बनियन काढायचं,
मग खिडकीला गादी लावायची,
मग कपाटात डोकं घालून
नरड्याच्या तळातून खरवडून आणायचं
शिफ्टभर गिळलेलं सगळं.

शाजी पलंगावरून विचारतो, उलटी होतेय का रे?
दुसरं कडवं आहे, मी सांगतो.

बँडमध्ये किती जण, असं कुणी विचारलं की
बोटं मोजतो:
गिटारवर मी, बासवर मी, ड्रम बडवणारा मी,
तारा गंजल्या की उसने पैसे देणारा
तोही मीच.
भांडणं होतात. मिटायला महिने लागतात.

कुणाचं ऐकून शिकलास?
लोकांना नावं हवी असतात,
काळ्या टी-शर्टवरची, वाचता न येणारी.
ती आहेतच, मेमरी कार्डं भरून आहेत.
पण हिद्दच्या गोदीत, जहाजाच्या पोटाखाली,
हातोडीनं गंज उडवताना
पोकळ पत्रा जो खालचा सूर देतो
त्याला मी सहावी तार लावून घेतलीय.
आणि बू खलफ.
त्याचा बाप मोत्यांच्या होडीवर गायचा.
हा गुरुवारी रात्री मातीचा माठ मांडीत घेऊन थापटतो,
भोवतीचे म्हातारे तोंड मिटून हुंकारत राहतात,
इतक्या खालून
की इस्तिकानातल्या चहावर वर्तुळं उठतात.
हा सूर काढायचा कसा? मी विचारलं.
देवमासा ऐकलायस कधी?
नाही.
मग चहा पी.

दुबईहून एका मिरजकरांचा फोन आला होता.
दम आहे तुझ्यात, म्हणाले,
फक्त एक ड्रमर घे, एक गायिका घे,
शब्द जरा कळू देत लोकांना,
व्हिडिओत वाळवंट टाकू, उंट टाकू.
मी म्हटलं, साहेब, उंट मी दुधाच्या बाटलीवरच पाहिलाय.
आणि ठेवून दिला.
(खरं सांगतो, आठवडाभर
फोन उशाशी घेऊन झोपलो.)

नाशकात दादा.
पन्नास वर्षं बंब-घंगाळांना मठार घातला,
तांब्यानं कान कधीच खाल्ले.
माझं एकही गाणं त्यांनी ऐकलेलं नाही,
आईच्या मते हे बरंच झालं.
व्हिडिओ कॉलवर मी त्यांना लॅपटॉपचा पडदा दाखवला:
ड्रमचे ठोके, उभ्या काळ्या रेघा,
सेकंदाला चौदा,
शिस्तीत, शाळेच्या प्रार्थनेसारख्या.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
डोळा फोनला चिकटवला.
"मशीनचं काम आहे," ते ओरडले.
हळू बोलणं म्हणजे काय ते विसरलेत आता.
"हाताचा मठार असा बसत नसतो.
तीन ठोके सरळ, चौथ्याला मनगट जड होतं,
तो थोडा कलतो. तिथंच चकाकतं भांडं."
मग उठून आत गेले, मला वाटलं झालं.
एक हंडा घेऊन आले.
"हा बघ. सत्याऐंशी साली मला ताप होता
तेव्हा मुरारी वडनेऱ्यानं पुरा केला.
इथपर्यंत मी."
बोट पोटावरून फिरत गेलं
आणि एका जागी थांबलं.
"इथून तो."
मला तर सगळं तांबं एकच दिसत होतं.

त्या रात्री एसी चालू होता,
या कामाला आवाज करावा लागत नाही.
माऊसनं एकेक रेघ धरून सरकवत बसलो.
चौथी, जराशी उशिरा.
आठवी, थोडी जास्त.
मध्येच एक चुकून फार लांब गेली,
राहू दिली.

दोन हजार तीनशे ठोके आहेत त्या गाण्यात.
फजरची अजान झाली तेव्हा
चारशे अकरा झाले होते.
गोदीची बस सव्वापाचला.