खपली

सकाळी सहाला मी दुसऱ्यांच्या चुका बुजवते.
बादलीत वाळू, मूठभर बी, कमरेत कळ.
पोर्टकॅरनच्या अठरा होलांवर
कोण कुठून खेळलं, कुणाचा तोल कुठे गेला,
मला जखमांवरून कळतं.
डॉक्टर रॅट्रीची खोल, हावरट.
पाद्रीणबाईंची चेंडूच्या चार बोटं अलीकडे,
माफी मागितल्यासारखी.

ॲलिक काउईची एकही नाही.
बावीस वर्षांत नाही.

त्याचा सेव्हन आयर्न चेंडूच्या पोटावर बसतो.
सायीवरून चमचा फिरावा तसं पातं गवतावरून जातं
आणि एक कर्कश टण्ण
क्लबहाउसच्या काचेपर्यंत येऊन धडकतो.
चेंडू छातीएवढा वर उठतो, बस्स.
समुद्रावरून येणारा वारा त्याच्या डोक्यावरून निघून जातो,
त्याला पत्ताच लागत नाही
की खालून कुणी सटकलं.
दोन उसळ्या, तीन, मग सरपटत ग्रीनवर.
जानेवारीत ॲलिकच्या तळव्यांना झिणझिण्या येतात.
हात काखेत खुपसून, शिव्या घालत
तो चालत राहतो,
पण पोचलेला असतो.

हेही खरं, की आतल्या गावी सामन्याला गेलं
की सोळाव्या होलाला तळं आहे,
आणि तळ्याला छातीएवढी उंची चालत नाही.

यंदा नवा कोच आला. फिन्ली, ॲबर्डीनचा,
कान थंडीनं लाल, हातात टॅब्लेट.
त्यानं ॲलिकला ॲलिकच दाखवला, मंद गतीत.
बघा, ऐन क्षणी तुम्ही वर उठता,
गार पाण्यात पाय टाकताना माणूस उठतो तसे.
आधी चेंडू, मग माती. लागू द्या जमिनीला.
सहा आठवडे द्या, बरं करतो.

'बरं करतो' म्हणाला,
शेडमध्ये माझ्या थर्मासमधला चहा ओतून घेत ॲलिक सांगत होता.
जसं काही मला दुखतंय.
मग बराच वेळ
मी मशीनची पाती घासत होते ते बघत बसला.

आम्ही तिघे भाऊ, म्हणाला, आणि एक गंजका आयर्न.
बाप बोटीवर. आम्ही रविवारी पहाटे कुंपणाखालून.
रविवारचा खेळ ना क्लबला चालायचा,
ना देवाला, ना आईला.
गवत उखडलेलं दिसलं की तेव्हाचा माळी घरी यायचा,
ढेकूळ हातात घेऊन,
दारात उभा, काही न बोलता.
मग काय, मातीला न शिवता मारायला शिकलो.
एक भाऊ पाण्यात गेला, एक टोरांटोला.
मला हे अंगवळणी पडलं.
आता वळण काढायचं
तर सोबत अंगही काढून ठेवावं लागेल.

मी काही बोलले नाही.
मी त्या माळ्याच्याच खुर्चीवर बसते.

गुरुवारी, उजेड जाता जाता, चौदाव्यावर
तो एकटा होता. मी काटेरी झुडपांमागे
तुंबलेला पाइप उकरत होते.
या खेपेला तो खालीच राहिला.
आवाज वेगळाच आला.
ओल्या पिठावर हात मारावा तसा.
चेंडू चढला, चढतच गेला,
त्याच्या कुठल्याच चेंडूनं कधी पाहिली नसेल
एवढी उंची,
आणि वाऱ्यानं तो अलगद उचलून
सीलांच्या खडकांपलीकडे नेला.

ॲलिकनं चेंडू पाहिलाच नाही.
त्यानं मागे पाहिलं, कुंपणाकडे.
एकाहत्तर वर्षांचा माणूस, पडवीत दूध सांडलेला.
मग चार पावलं जाऊन खपली उचलली,
पांढरी मुळं लोंबत होती,
जागेवर ठेवली, टाचेनं दाबली,
गुडघे टेकून कडा बोटांनी जुळवल्या.
उठला. खिशातून दुसरा चेंडू काढला.
टण्ण.
ग्रीनवर.

फिन्ली रोज विचारतो, कधी सुरू करू या?
ॲलिक म्हणतो, पुढच्या गुरुवारी.
मला विचाराल तर
मी अजून त्या जागेवर वाळू टाकलेली नाही.
खपली धरते आहे.
एका कडेला जरा पिवळी आहे.