पहिली पायरी

आपली पायरी ओळखून राहावं माणसानं,
मावशी म्हणायची.
मी ओळखते.
साडेपंधरा इंच.

रविवारी दुपारी घणसोलीच्या डेपोत गेले होते,
गळ्यात टेप, मांडीवर वही,
गिऱ्हाइकांची मापं लिहिते तीच.
वॉचमन हसला : बसला ब्लाउज शिवताय की काय?
म्हटलं, बस अंगाला बसते का बघते.

लिहून घेतलं :
जमिनीपासून पहिली पायरी साडेपंधरा.
दुसरी अकरा. तिसरी अकराला सूतभर कमी.
दाराचे दोन भाग करणारा मधला दांडा,
त्याच्या अलीकडे तेरा, पलीकडे तेरा.
माझी खुर्ची पंचवीस.
मी असं शिवलं असतं
तर बाईनं तोंडावर फेकलं असतं.

आजवर मी बसमध्ये चढलेले नाही.
मला चढवलंय.
काखेत हात घालून, कमरेला धरून,
"ए, पाय धर रे तिचे" म्हणत,
भल्या माणसांनीच. वाईट बोलवत नाही.
पण ओढणी पायरीवर राहते,
एक चप्पल तीन टाकीच्या स्टॉपवर राहते,
खुर्ची घडी करून मागं टाकतात
आणि सीटवर मी, तिच्यासारखीच, सामान.
त्यापेक्षा नको म्हणते.
मग चुलतभाऊ जातो वाशीला.
आमसुली धागा सांगितला की जांभळा आणतो,
रामा सांगितला की सरळ हिरवा.
पाच वर्षं माझ्या बायकांनी
त्याचे रंग अंगावर घातलेत.

मग नव्या गाड्या आल्या, ठेंगण्या.
दारापाशी निळ्या चौकटीत खुर्चीवरचं पांढरं माणूस,
माझ्याहून ऐटीत बसलेलं.
पहिली थांबली रस्त्याच्या मध्यावर,
कडेला टेम्पोतून कलिंगडं उतरत होती.
दुसरीच्या ड्रायव्हरनं हातानंच केलं, मागून येतेय.
मागून आली तिला तीन पायऱ्या.
पुढच्या आठवड्यात एक कंडक्टर म्हणाला,
फळी आहे ना, पण किल्ली डेपोत.

बुधवारी मढवीबाई होत्या.
"थांब हां," म्हणाल्या, वाकल्या,
तळातली कडी शोधली,
नखानं माती उकरली, ओढली. निघेना.
आतून कोणी म्हणालं, मॅडम, आमचं पंचिंग आहे.
कोणी म्हणालं, उचलून घ्या ना, दोन मिनिटांचं काम.
मी म्हटलं, नको.
एवढंच. पण मोठ्यांदा आलं ते,
मशीनच्या आवाजावरून बोलायची सवय.

गायकर ड्रायव्हर उतरला. इंजिन चालू.
दोघांनी ओढली आणि फळी उलटली,
धप्पकन फुटपाथवर.
कारखान्यातलं प्लास्टिक अजून तिच्या अंगावर,
नव्या सोफ्यावर ठेवतात तसं.

चाकांवर हात ठेवले.
चढ होता. दंड भरून आले.
मध्यावर चाक जरासं मागं आलं,
मढवीबाईंचा हात पुढं झाला,
मी त्याच्याकडे पाहिलं,
तो थांबला.
हे त्यांचं मी विसरणार नाही.

माझ्यामागून, रिकामी पाटी काखेत मारून, एक म्हातारी :
"मी पन येतंय गो याच्यावरशी,
गुरघं गेलं माजं चरून चरून."
तिच्यामागून सुटकेसची चाकं खडखडवत एक पोरगा.
त्यानं तर विचारलंही नाही.

वाशीत सेक्टर नऊच्या दुकानात
चाळीसेक रिळं काउंटरवर मांडायला लावली.
एकेक उजेडात नेऊन बघितलं.
हवा तसा आमसुली नव्हताच.
जवळचा घेतला. चुकला असेल तर
माझा मी चुकले.

येताना चार गाड्या गेल्या, चारही उंच.
पाचवी येईपर्यंत वही काढली :
फुटपाथ रस्त्यापासून आठ इंच,
स्टॉपच्या खांबाजवळची एक फरशी गायब,
तिथं पाणी.
तेही लिहून ठेवलं.