उणे एकतीस

तो आला तेव्हा कंटेनरचं दार अर्धं गोठलेलं होतं.
खांद्यानं ढकलून आत शिरला, टोपीवरचं हिम झटकलं,
आणि खेळण्यांकडे बघायच्या आधी
माझ्या शेगडीकडे बघून म्हणाला,
'कोळसा ओला आहे तुझा.'

दोर्लिगजाव. बत्तीस वर्षं
उलानबातर ते गोबी डिझेलचे टँकर हाकलेले.
नात तीन वर्षांची, आझया.
'चाकं तोंडात घालते. रुसली की फेकते.
गाडी पाहिजे, रिमोटची.
पन्नास हजारांच्या वर एक तुगरिक नाही.'

मी लाल काढली. सगळे आधी लालच मागतात.
दिवे लागतात, हॉर्न वाजतो, दारं उघडतात.
त्यानं ती उलटी केली,
मेंढीचे दात बघावेत तसं तिचं पोट बघितलं.
'दारं उघडतात म्हणजे दारं तुटतात.'
मग निळी. ताशी वीस किलोमीटर.
'तीन वर्षांच्या पोरीला कुठे जायची घाई?'
तिसरी राईच्या रंगाची, बुटकी,
पुढेमागे जाड रबर, रिमोटवर दोनच बटणं:
एक सरळ पुढे, एक वळत वळत मागे.
चार महिने कुणी हात लावला नव्हता तिला.
धूळ पुसून दिली. त्यानं स्क्रू मोजले.
'साधे आहेत. मला उघडता येतील.'

मग म्हणाला, 'या तिन्ही आज रात्रभर बाहेर ठेव.'

मी हसले. तो हसला नाही.
'शेगडीजवळ सगळंच टिकाऊ असतं, पोरी.
आमचं नमद्याचं घर वर टेकडीवर.
ही गाडी उंबऱ्याबाहेर जाणार, विसरली जाणार,
सकाळी सापडणार.
मला सकाळची गाडी विकत घ्यायची आहे.'

का ठेवल्या, अजून नीट सांगता येत नाही.
धंदा मंद होता. त्याचा डावा अंगठा अर्धाच होता.
शिवाय परत आलेल्या गाड्यांचं खोकं
माझ्या पायाशीच असायचं,
आणि रोज त्यालाच ठेच लागायची.

सकाळी उणे एकतीस.
चहाची ढकलगाडी घेऊन फिरणारी होर्लो
फुकटचा तमाशा बघायला थांबली.
दोर्लिगजावनं गाडी कमरेइतकी उचलली
आणि सोडली. फेकली नाही, नुसती सोडली,
मुलं सोडतात तशी, दुसरं काही आठवल्यावर.

लाल बशीसारखी फुटली.
निळीचा कणाच गेला,
'ताशी वीस'चा स्टिकर तेवढा शाबूत.
राईरंगी एकदा उसळली, कुशीवर पडली.
त्यानं अंगरख्यात हात घालून
काखेतून दोन उबदार सेल काढले,
तिच्यात बसवले, बटण दाबलं.
ती बर्फावर जरा कण्हली,
मग निघाली, होर्लोच्या बुटापर्यंत गेली,
धडकली, आणि वळत वळत मागे आली.

किंमत अठ्ठेचाळीस हजार. मी पंचेचाळीस घेतले.
फुटलेल्यांचं काय, विचारलंच मी.
त्यानं खिसे चाचपले. गप्प झाला.
'दे इकडे दोन्ही.'

नवव्या दिवशी आणून दिल्या,
जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेल्या.
लालीला आता दारं नव्हतीच.
ती माझ्या तेमुलेननं पळवली,
झोपतानाही सोडत नाही.
निळी पडून आहे. कुणी विचारत नाही.

आता हिवाळ्याच्या पहिल्या कडक रात्री
प्रत्येक नव्या मालातली एक मी बाहेर ठेवते.
दरवर्षी दोन-तीन फुटतात.
नवरा वही उघडून हिशेब मांडतो, चिडतो.

गिऱ्हाईक विचारतं, 'टिकेल का?'
पूर्वी म्हणायचे, 'टिकेल की, न टिकायला काय झालं!'
आता म्हणते, 'रात्रभर बाहेर होती.
सेल मात्र काखेत ठेवा.'
काहींना कळतं.
काही लालच मागतात.