तेवीस मिलिमीटर

निपाणीच्या एका पतसंस्थेनं टाकून दिलेलं खोकं
उद्यमबागच्या भंगारात किलोवर मिळालं.
अकरा किलो दोनशे.
काट्यावरून उतरवताना पोरगं म्हणालं,
"ह्यात काय ठेवणार सर, कोंबड्या?"

पाठीवर स्टिकरांचे थर.
वरचं कानडी. नखानं खरवडलं तर खाली इंग्रजी,
त्याखाली मराठी: हात लावू नये.
मी खरवडायचं थांबवलं.

एकोणीस वर्षं लग्नं काढली मी,
अनगोळ, येळ्ळूर, कडोली, खानापूरच्या अलीकडची सगळी.
हळद, अक्षता, पंगत
आणि प्रत्येक लग्नात रुसलेला एक मामा, दर वेळी वेगळा.
चौदा हार्डडिस्क, बुटांच्या खोक्यांत,
पाठीवर पेनानं साल.
गेल्या दिवाळीत दोन हजार नऊ टक् टक् करू लागलं
आणि तुळशीच्या लग्नाआधीच गप्प झालं.
सव्वीस जोडपी नांदतात अजून,
पुरावा तेवढा गेला.

म्हणून हे.
मदरबोर्ड पुतण्याच्या गेम खेळायच्या कॉम्प्युटरातला,
रॅम खडे बाजारातली, ओळखीची,
पॉवर सप्लाय मात्र कोरा,
कारण उर्मिलानं सांगितलं होतं, आग लावणारं काही घरात नको.
खोकं बँकेच्या शिस्तीचं, आतला माल घरगुती.
स्क्रूची नऊ भोकं, जुळली सहा.
बँकेचे जुने पंखे चालू केले
तर स्वयंपाकघरातून आवाज: "मिक्सर लावलाईस काय?"
ते काढले, मोठे हळू फिरणारे बसवले.
सगळं बसलं.
मग झाकण लावायला गेलो.

प्रोसेसरवरचा कूलर तेवीस मिलिमीटर वर.

इरण्णा कम्मारनं चष्मा न लावता व्हर्नियर वाचला.
केसिंगच्या भोवती एक फेरी मारली,
लेथ बंद न करताच बोलला:
"मुच्चळा कत्तरसु. फ्यान मुट्टब्याड."
झाकण काप, पंख्याला हात नको.
आठ दिवस मी कूलरच छोटा शोधत होतो.

त्यानं गोल भोक पाडलं, कडा घासल्या,
वर उर्मिलाची गव्हाची चाळण उपडी ठेवून
चार रिव्हेट मारले.
पैसे विचारले तर हात पुसत म्हणाला,
"लग्नाचे फोटो ना ह्यात? मग मी आहे काय बघ."
"कुठल्या लग्नात?"
"कुठल्या तरी. वाढायला जात होतो की."

पहिल्या रात्री स्क्रीन काळीच.
रॅमचे दात खोडरबरानं पुसले, पुन्हा दाबली,
कट् असा आवाज आला
आणि चाळणीखालून वारा.

नावं कुठं होती फायलींना?
नुसते आकडे, कॅमेऱ्यानं दिलेले.
तीन आठवडे रोज जेवणानंतर बघत बसलो:
वारलेल्या आत्या, बदललेले जावई,
मी एकदा उसना घेतलेला कोट, दुसऱ्याच कुणाच्या अंगावर.
मध्येच हेस्कॉमनं दिवा नेला.
यूपीएस कुईं कुईं करत होता, मशीन मात्र शांतपणे
एकेक फाईल मिटून, डिस्का थांबवून
स्वतःच निजलं.
उर्मिला अंधारातून: "गेलं काय सगळं?"
नव्हतं गेलं.

दोन हजार चौदा, हलग्याजवळचं एक लग्न,
पंगतीच्या कडेला, अर्धा चौकटीबाहेर,
बुंदीची बादली. हात हललेला, म्हणून बोटं पुसट.
चेहरा धड दिसत नाही,
पण बादली तिरकी धरायची ती पद्धत.

प्रिंट घेऊन गेलो.
इरण्णानं बराच वेळ बघितलं.
मी नावं घ्यायच्या आत म्हणाला,
"बुंदी जास्त तळली होती त्या दिवशी."
मग फोटो व्हर्नियरच्या लाकडी पेटीत ठेवला,
मखमलीच्या खाली,
आणि लेथकडे वळला.